‘बांध’मधला धाकटा

सांगली, १० नोव्हेंबर १९७४

शमशेर,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर न वाचताच टाकून देशील, म्हणून पत्ता कृष्णातकडून लिहून घेतला आहे. कृष्णात आमच्या मंडळातला नवा नर्तक, कोरेगावचा. त्यानं विचारलं, "रहिमतपूरचे शमशेर पिंजारी कोण?" मी म्हटलं, "जुने दोस्त." पावणेतीन वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या माणसानं दोस्त म्हणावं का, हे तू ठरव.

लिहायला कारण झालं. ‘बांध’चा शंभरावा प्रयोग फेब्रुवारीत इथंच सांगलीत आहे. परवा पुण्याच्या एका मासिकाचे गृहस्थ आले होते. म्हणाले, "इतक्या गाजलेल्या बॅलेत धाकट्याचं काम तुम्ही करता. नाचताना मनात काय चालतं, ते सांगा." मी तासभर बोललो. ते गेल्यावर ध्यानात आलं की मी जे जे सांगितलं ते तुझं होतं, आणि तुझं नाव मी एकदाही घेतलं नव्हतं.

तुला तो दिवस आठवतो ना, ‘बांध’ बसवायला माणसं शोधत प्रमिलाबाई आपल्या कुस्तीच्या तालमीत आल्या तो? एकोणसत्तर साल. आपण दोघं वस्ताद दादासोंच्या हाताखाली तिसऱ्या वर्षाला होतो. बाईमाणूस तालमीच्या दारात येऊन बसलं म्हणून सगळे कावरेबावरे झालेले. तीन दिवस त्या पायरीवर बसून नुसत्या बघत राहिल्या. चौथ्या दिवशी वस्तादांना म्हणाल्या, "मला ही दोन मुलं हवीत."

"ही पोरं नाचाय न्हाई तयार केली मी, बाई."

"नाचायला नकोत. पडायला हवीत. मद्रासपासून मुंबईपर्यंत सगळीकडं बघितलं. इतकं चांगलं पडणारं माणूस मला कुठं दिसलं नाही."

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. तुझ्याकडं बघत होत्या. मला हे त्याच दिवशी कळलं होतं.

मग ते हळदीचं रिकामं गोदाम. सव्वा वर्ष तालीम केली तिथं. घरी गेलो की आई म्हणायची, "रोज रोज कुनाची हळद लावून येतोस रं?" दोन भाऊ, एक आई, एक रान. थोरला रोज वीतभर बांध सरकवतो. बाईंनी बांध म्हणून जमिनीवर एक पांढरी दोरी टाकली होती, बाकी काही नाही. गोष्ट माझ्या घरातली होती, तुझ्या शेजारच्या घरातली होती, म्हणून आपल्याला ती शिकवावी लागली नाही. शिकवावं लागलं ते एवढंच की कुस्तीत समोरच्याला पाडायचं असतं आणि इथं त्याला झेलायचं असतं.

आणि शेवटी धाकट्याचं ते पडणं. उलट्या पावली बांधावरून चालत यायचं. सगळी वाद्यं थांबतात. गुडघा वाकवायचा नाही, मान आखडायची नाही, मागं बघायचं नाही. तोडलेलं झाड जातं तसं मागं जायचं, आणि थोरल्यानं घसरत येऊन वीतभर वर दोन्ही पंजे पाठीखाली लावायचे. मी शेकडो वेळा तुला झेललं असेल, तालमी धरून. तू एकदाही मान आखडली नाहीस. मी आज धाकटा करतो. लोक टाळ्या वाजवतात. मान आखडते. लोकांना दिसत नाही, बाईंना दिसतं.

त्या दिवशी घामानं माझे हात निसटले नसते, तर हे काम आजही तूच करत असतास. तुला भेटायला यायचं होतं, पण दौरे निघत गेले.

पत्र लिहायला बसलो की माझी भाषा इस्त्रीची होते. बाईंच्या संगतीचा परिणाम. तू हसशील. हस, पण उत्तर दे.

जोतीराम


सातारा, २ डिसेंबर १९७४

शमशेर,

तुझं उत्तर नाही. मीच पुन्हा लिहितो.

काल साताऱ्यात प्रयोग झाला, तुझा गुडघा गेला त्याच मैदानात. मांडवही त्याच बाजूला तोंड करून. माणसं लय लोटली होती. पुढच्या चार रांगा पेन्शनीतल्या फौजी माणसांच्या, कडक बसलेल्या. त्यांतच आमचे बाबा. हवालदार नाथाजी, पाय जुळवून, टोपी मांडीवर. एकाहत्तरला त्यांनी आपले तीन-चार प्रयोग पाहिले होते, ते आठवतं का? तेव्हा मी थोरला होतो. त्यानंतर ते आले नव्हते. पोरगं नाचतंय हे त्यांनी पचवलं होतं, पण बोलून दाखवत नव्हते.

प्रयोग चांगला झाला. खोटं कशाला सांगू, मला या कामाचं वेड आहे. दिवा लागतो, हलगीचा पहिला ठोका पडतो, आणि माझ्या वाट्याला आलेलं ते अर्धं रान मला पायाखाली खरोखर लागतं. बाईंनी हे केलं कसं, मला आजही उमगत नाही. एक शब्द नाही, आणि खेड्यातली बायामाणसं पदर तोंडाला लावून बसतात. मुंबईत एक परदेशी पाहुणा आत येऊन बाईंच्या पाया पडला. त्याला ना बांध माहीत, ना भाऊबंदकी. अशा कामात मला उभं राहायला मिळालं, हे माझं भाग्य.

प्रयोगानंतर बाबा आत आले. लालासाहेब, तो आता थोरला करतो, त्याच्या पाठीवर थाप टाकली. मग माझ्याकडं वळले.

"चांगलं करतूस," म्हणाले.

त्यांनी कधी एवढंही म्हटलं नव्हतं.

"पर एक सांगू का? तो पिंजाऱ्याचा शमशेर पडायचा तवा बसल्या जागी माझा हात पुढं व्हायचा. धराया. मला कळायचं बी न्हाई. आज झाला न्हाई." मग विचारलं, "त्याचं काय झालं रं? गुडघा तुटला म्हनं. कसा?"

"घाम होता हाताला," मी म्हणालो.

बाबांनी मान हलवली आणि टोपी घातली. तू पडलास तो फेब्रुवारी होता, आणि फेब्रुवारीत थंडी असते साताऱ्यात, हे त्यांना माहीत आहे.

जोतीराम


सांगली, १५ डिसेंबर १९७४

शमशेर,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता जे होईल ते होवो.

घाम नव्हता.

त्या साताऱ्याच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी मुंबईच्या वर्तमानपत्रात ‘बांध’वर अर्धं पान आलं होतं. बाईंनी गोदामात ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझ्या पडण्यावर त्या लिहिणाऱ्यानं एक अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता. तू खाली मान घालून ऐकत होतास आणि तुझे कान लाल झाले होते. माझ्यावर एक ओळ होती. ‘थोरल्याच्या भूमिकेत जोतीराम यांची साथ पुरेशी.’

पुरेशी. तो शब्द मी रात्रभर चघळला. एवढा देखणा पडतो तो, पण पडून वाचतो कुणाच्या जिवावर? माझे पंजे नसते तर? असलं काहीतरी डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तू उलट्या पावली आलास. वाद्यं थांबली. तू सुटलास. आणि मी, शमशेर, मी मुद्दाम अर्धा श्वास थांबलो. तुला पाडायचं नव्हतं. आईची शपथ, तुला पाडायचं मनात नव्हतं. वीतभराऐवजी चार बोटांवर झेलायचं होतं. लोकांचा जीव घशात यावा, आणि त्यांनी एकदा तरी धाकट्याऐवजी थोरल्याकडं बघावं. एवढंच हवं होतं.

चार बोटांवर तुझ्या पाठीला माझे पंजे लागले नाहीत. पाठ टेकू द्यायची नाही हे तुझ्या अंगात मुरलेलं. तू हवेतच वळलास आणि गुडघा अंगाखाली आला. तो आवाज हलगीवाल्यालासुद्धा ऐकू गेला.

सगळे धावले. बाईंनी विचारलं, "काय झालं?" आणि तू काही बोलायच्या आत मी म्हणालो, "घामानं हात निसटले."

तेविसाव्या दिवशी मी तुझं काम करायला उभा राहिलो. दुसरं कुणी ते जाणत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बाईंनी विचारल्यावर मी एक क्षणही थांबलो नाही.

मागं मी लिहिलं की दौऱ्यांमुळं यायला जमलं नाही. तेही खोटं. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात तिकीट काढून मी रहिमतपूरपर्यंत आलो होतो. गाडी थांबली. मी खिडकीशी बसून राहिलो. गाडी सुटली.

जोतीराम


रहिमतपूर, २३ डिसेंबर १९७४

जोत्या,

तिन्ही पत्रं पोचली.

मला ठावं होतं. पडताना पाठीला वारा लागला, पंजे न्हाई लागले. तू मागं कुठं हायस ते मला पाठीनं कळायचं. तू तिथं होतास आनि आला न्हाईस. ते मी तिथंच सोडून दिलं हुतं. मानसाचं मन हाय, येका घडीला फिरतं. पर तू उठून घाम म्हनालास. ते मला सोडता आलं न्हाई.

लिहून काय करतोस. घरी ये आनि माझ्या अम्मासमोर सांग. मग बघू.

शमशेर


सांगली, ७ जानेवारी १९७५

शमशेर,

परवा रविवारी तुझ्या घरून निघालो ते थेट गाडीत येऊन बसलो. तू स्टेशनवर सोडायला आला नाहीस, ते बरोबरच होतं. पण तुला माहीत नाही असं काहीतरी त्या दिवशी झालं. ते सांगायला लिहितोय.

तू एक पाय सरळ लांब करून कापूस पिंजत बसला होतास. मी दारात उभा. तू "ये" म्हणालास आणि पिंजणं थांबवलं नाहीस. मी अम्मांच्या समोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. मधे कुठं थांबलो की तू पिंजणं थांबवायचास, मी पुढं बोललो की पुन्हा सुरू करायचास. मला ते कळत होतं. तुझी बहीण झुबेदा चुलीपाशी पाठ करून उभी होती. शेवटी तू उठून, कुणाची तरी गादी पोचवायची आहे म्हणून, लंगडत बाहेर गेलास. त्यानंतरचं हे आहे.

अम्मांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "तीन सालं मी माझ्या पोराला बोलत आले. रोज. तुला पडता येत न्हवतं तर कशाला गेलास तिकडं म्हनून. चांगला पैलवान हुतास, पाय घालवून बसलास म्हनून."

मी मान वर केली नाही.

"त्यानं येकदा सुदिक तुझं नाव घेतलं न्हाई. मी विचारलं, त्यो जोतीराम कुठं हुता? तर म्हनाला, अम्मा, त्यो जाग्यावरच हुता, मीच वेळ चुकलो."

शमशेर, तू हे मला सांगितलं नव्हतंस. पत्रातही नाही. मी जगाला घाम सांगितला आणि तू आईला तुझी चूक सांगितलीस. मी त्या घरात बसलो होतो आणि तुझ्यापुढं किती लहान झालो, हे मला लिहिता येत नाही. आपल्याच माणसांची बोलणी तीन वर्षं खाल्लीस, तीही मला कुणी काही बोलू नये म्हणून.

मी म्हणालो, "अम्मा, मला काय वाटेल ते बोला."

"तुला काय बोलू? राग हाय मला. लय हाय. जाईल का न्हाई, मला ठावं न्हाई." मग त्या उठल्या. "जेवून जा. उपाशी पाठवायचं न्हाई कुनाला."

झुबेदानं भाकरी वाढली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि भाकरी मात्र गरम गरम दोनदा वाढली. तू आलास तेव्हा मी हात धूत होतो.

काल सकाळी बाईंना सांगितलं. त्या खुर्चीवर बसून ऐकत राहिल्या. मला वाटलं, हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "पंजे उशिरा आले हे मी विंगेतून पाहिलं होतं. का उशिरा आले, हे मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं कळलं असतं, आणि खरं कळलं असतं तर ‘बांध’ बंद पडला असता. म्हणजे यात मीही आले, जोतीराम."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना सहा वर्षांत कधी रडताना पाहिलं नाही. मग त्यांनी चष्मा पुसला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून थोरला तू करायचास. धाकटा कृष्णात करेल."

लालासाहेब म्हणाला, "बेस झालं. घसरून घसरून माझी ढोपरं सोलली हुती."

कृष्णात चांगला आहे. मन लावून करतो. पण त्याला ते पडणं गेले दोन महिने मीच शिकवत आलो, आणि मला ते येत नाही. मी तुझी नक्कल करतो आणि तो माझी. बाई म्हणतात, "शमशेर आला तर शंभरावा प्रयोग खरा होईल. पण मी त्याला कोणत्या तोंडानं बोलावू?" म्हणून मी विचारतो. मला विचारायचा हक्क नाही, तरी विचारतो. आठ दिवसांसाठी येशील का? माझ्यासाठी नको. त्या पडण्यासाठी ये. ते तुझ्याबरोबर त्या खोलीत कापूस पिंजत बसलं, तर पुन्हा कुणाला दिसणार नाही.

जोतीराम


सांगली, १७ फेब्रुवारी १९७५

शमशेर,

तू प्रयोगाच्या दुपारच्या पॅसेंजरनं निघून गेलास. म्हणालास, "मला बसून बघवनार न्हाई." मी थांबवलं नाही. तू काय पाहिलं नाहीस ते आता सांगतो.

आधी त्या सकाळचं, कारण तेव्हा मला बोलता आलं नव्हतं. आठ दिवस तू कृष्णातला शिकवलंस ते मी कोपऱ्यातून बघत होतो. तू त्याला पडायला शिकवलंच नाहीस. चार दिवस नुसतं उलटं चालायला लावलंस, आणि म्हणालास, "मागं बघू नगंस. मागं कोन हाय ते पाठीला इचार." मला वाटायचं, तुझं पडणं ही अंगाची करामत आहे. ती करामत नव्हती. तू विश्वास टाकायचास, आणि तो दिसायचा. मी इतकी वर्षं तुझी मान, तुझे खांदे, तुझ्या टाचा यांची नक्कल केली, आणि खरी गोष्ट मला दिसलीच नव्हती.

शनिवारी सकाळीही कृष्णातची मान आखडत होती. तू काठी भिंतीला टेकवलीस. "मी दावतो," म्हणालास. बाई म्हणाल्या, "शमशेर, नको. गुडघा." तू ऐकलं नाहीस. दोरीवर उभा राहिलास, माझ्याकडं पाठ करून. म्हणालास, "जोत्या, हायस का?"

"हाय," मी म्हणालो.

तुला चालता येत नव्हतं नीट, म्हणून नुसता उभ्यानं सुटलास. तीन वर्षांनी. तसाच. मान मोकळी. मी इतक्या घाईनं आलो की पंजे वीतभर नव्हे, चांगले दोन हात वर लागले. बाई सवयीनं म्हणाल्या, "घाई झाली, जोतीराम." आणि तू माझ्या हातांवर पडूनच म्हणालास, "ऱ्हाऊ द्या बाई. चालतंय."

मला तुला उभं करवेना. लालासाहेबानं येऊन उठवलं.

आता प्रयोगाचं. कृष्णात उलट्या पावली आला. वाद्यं थांबली. मी त्याच्या मागं होतो आणि मला त्याची पाठ दिसत होती. तो सुटला आणि मला कळलं, हा माझा धाकटा नाही, हा तुझा. मान आखडली नाही. मी वीतभरावर झेलला. माणसं कुठं बघत होती, मला माहीत नाही. त्याच्याकडंच असणार. तसंच असायला हवं.

पडद्यानंतर बाईंनी पुढं जाऊन सांगितलं, "धाकट्याचं काम ज्यानं घडवलं तो शमशेर पिंजारी." एवढंच. लोक उभे राहिले. आमच्या बाबांनी उभं राहून सलाम ठोकला, रिकाम्या विंगेकडं तोंड करून. त्यांना वाटलं तू आत आहेस.

आणि वस्ताद दादासो आले होते. आयुष्यात पहिल्यांदा. काल सकाळी मी तालमीत गेलो. ते माती मळत होते.

"ते ब्याले का काय ते बघितलं," म्हणाले. "पडनारा आपला न्हवं. पर पडनं आपल्या तालमीतलं हाय. कुनाचं?"

"शमशेरचं."

"वाटलंच मला." मग माती परतत म्हणाले, "तू धरलंस बी चांगलं."

आठ वर्षांत त्यांनी मला चांगलं म्हटलेलं हे पहिलं. ते तसंच खिशात घालून मला निघता आलं असतं. मी निघालो नाही. बसलो, आणि त्यांनाही साताऱ्याचं सगळं सांगितलं. ते माती परतत राहिले. मला वाटलं, आता उठून दोन ठेवून देतील. त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "उद्यापासनं पहाटं येत जा. हात जड झाल्यात तुझे."

बाई जूनपासून नवी माणसं घेणार आहेत आणि त्यांना शिकवायला तू हवा आहेस. त्या स्वतः रहिमतपूरला येऊन अम्मांना विचारणार आहेत. मी बरोबर यावं की नाही, हे अम्मांना विचारून मला कळव. नको म्हणाल्या तर येणार नाही.

आज पहाटे वस्तादांनी दोनशे जोर काढायला लावले. हात थरथरतायत, म्हणून अक्षर असं आलंय. नीट लागलं नाही तर झुबेदाकडून वाचून घे.

जोत्या